जगात जर्मनी, खोलीत परभणी

तुमच्या ऑफिसात असा एक प्राणी असतोच. लंच टाइमला डबा उघडायच्या आधी तो स्पीकरचे रिव्ह्यू उघडतो. ट्विटर, वूफर, क्रॉसओव्हर हे शब्द त्याच्या तोंडात भाजी-पोळीसारखे. पुढच्या बोनसला तो ‘टॉवर’ घेणार असतो. गेली चार वर्षं घेणारच असतो!

आमच्या घरातला हा प्राणी म्हणजे माझे मामा. वय ६१, मुक्काम परभणी, वसमत रोड. कृषी विद्यापीठातून रिटायर झाले आणि हातात आलेल्या पैशांतले साडेपाच लाख त्यांनी बाजूला काढून ठेवले. कशासाठी? तर हाय-एंड स्पीकरसाठी. तेही शेल्फवर बसणारे नाहीत, जमिनीवर कमरेएवढे उभे राहणारे. दुकानदार त्यांना फ्लोअरस्टँडर म्हणतात, आपण टॉवर म्हणू.

फोनवर मला म्हणाले, “आयुष्यभर ट्रान्झिस्टरवर ऐकलं माय. आता नीट ऐकायचंय. तू पत्रकार हायेस ना, मग जरा चौकशी कर की.”

मामांच्या घाईला कारण आहे. गेल्या वर्षी त्यांनी कान तपासून घेतले. ऑडिओग्रामचा कागद बघितलाय कधी? डावीकडे खर्जाचे आवाज, उजवीकडे वरच्या पट्टीचे. मामांची रेघ उजवीकडे उतारावर लागलेली. वयाबरोबर वरचे आवाज आधी कमी ऐकू येतात, हे सगळ्यांचंच होतं. मामांचं जरा लवकर सुरू झालंय. तेव्हापासून त्यांचं एकच वाक्य : “जे ऱ्हायलंय ते तरी धड ऐकू दे.”

आता यावर कोण काय बोलणार? मी कामाला लागले.

एक खोली, एक दिवाण

आधी खोली बघा. मामेभाऊ बंगळुरूला गेल्यापासून त्याची अभ्यासाची खोली रिकामी आहे. दहा बाय बारा. वर स्लॅब, तोही दहा फुटांवर. खाली शहाबादी फरशी, एक खिडकी, एक लोखंडी कपाट आणि एक दिवाण.

तो दिवाण मामीचा. दुपारी हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं. परभणीचं ऊन काय चीज आहे ते मे महिन्यात तिथे जाऊन आलेल्यालाच कळतं. मामीचे गुडघे दुखतात, म्हणून दुपारचा तासभर ती या गार खोलीत पडते. घरात तिची स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढीच.

मामांच्या प्लॅनमध्ये दिवाण बाहेर जाणार होता. मामीला विचारलं तर म्हणाली, “काढा की. मी कुठं बी पडंन.”

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला या वाक्याचा खरा अर्थ माहीत असतो. फक्त मामांना नव्हता.

पुण्यातले तीन हिरो

मामा पुण्याला आले. दोन दिवस आम्ही शोरूम पालथ्या घातल्या आणि शेवटी तीन नावं उरली.

पहिलं नाव जर्मन, एलॅक कंपनीची व्हेला सिरीज. एलॅक १९२६ मध्ये कील या बंदराच्या गावात सुरू झाली आणि तिचं सुरुवातीचं काम पाण्याखालच्या आवाजाचं, जहाजांसाठीचं. त्यांचा जेट ट्विटर म्हणजे घडी घातलेल्या पातळ पडद्याची पट्टी. ती घड्या मिटते-उघडते आणि त्यातून हवा पिचकारीसारखी बाहेर पडते. टाळ वाजला की तो टाळ कुठल्या धातूचा आहे तेही कळेल, इतका स्वच्छ आवाज! मामा खूश. “जगात जर्मनी, भारतात परभणी,” म्हणाले. आमच्याकडे प्रत्येक शुभकार्यात हे एकदा तरी म्हणावंच लागतं.

दुसरा ब्रिटिश, केईएफचा आर७ मेटा. केईएफ १९६१ मध्ये रेमंड कुक यांनी केंट परगण्यात सुरू केली. केंट इंजिनिअरिंग अँड फाउंड्रीच्या आवारात म्हणून नाव केईएफ. यांचा फंडा म्हणजे युनि-क्यू : ट्विटर वेगळा न लावता मधल्या कोनाच्या पोटातच बसवायचा. त्यामुळे सगळा आवाज एकाच बिंदूतून आल्यासारखा वाटतो. आर७ मध्ये त्याच्या जोडीला साडेसहा इंची दोन बेस ड्रायव्हर आहेत.

तिसरा डेन्मार्कचा, डायनऑडिओ. १९७७ ची कंपनी, रेशमी कापडाच्या घुमटासारख्या ट्विटरसाठी नावाजलेली. आवाजात एक ऊब. किशोरीताईंची रेकॉर्डिंग लावली आणि मामा डोळे मिटून बसले ते उठेचनात.

तिन्ही सॉल्लिड. मग निवडायचं कसं? एका शोरूममधल्या मुलाने फार शहाणा प्रश्न विचारला होता : “काका, तुमची रूम केवढी आहे?”

मामा म्हणाले, “रूमचं मी बघतो. तुम्ही स्पीकरचं सांगा.”

तिथेच सगळं चुकलं होतं. कारण आम्ही ऐकत होतो ती खोली आमच्या खोलीच्या तिप्पट. खाली जाड गालिचा, भिंतींना पॅनेल, आमच्या डोक्यामागे आठ-दहा फूट मोकळी जागा. म्हणजे आम्ही स्पीकर ऐकत होतो असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात स्पीकर आणि ती खोली अशी जोडी ऐकत होतो. आणि त्या जोडीतला एकच जण आमच्याबरोबर परभणीला येणार होता!

टेम्पोत आलेला टॉवर

चेक लिहायच्या आधी मी मामांकडून एकच गोष्ट मागितली. एकदा कुठलाही टॉवर घरच्या खोलीत लावून बघू. मामेभावाच्या नांदेडच्या मित्राकडे चांगल्यापैकी जोडी होती. एका रविवारी ती टेम्पोत घालून परभणीला आणली. ब्रँड सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काहीही दोष नव्हता.

आता हिशेब बघा. टॉवरच्या पाठीमागे पोर्ट असेल, म्हणजे हवा सोडणारं भोक, तर मागच्या भिंतीपासून निदान अडीच फूट तरी सोडावे लागतात. टॉवरची स्वतःची खोली सव्वा फूट. झाले पावणेचार. मोठ्या टॉवरमध्ये तीन-चार ड्रायव्हर उभ्या रांगेत असतात. त्यांचे आवाज एकत्र मिसळून कानावर यायला साधारण आठ फूट अंतर बरं. बेरीज करा : पावणेबारा. खोली बारा फूट.

म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं थेट मागच्या भिंतीला!

मामांनी खुर्ची भिंतीला लावली आणि भीमसेनजींचे अभंग लावले. पहिल्या दोन मिनिटांत मामांचा चेहरा फुलला. मग ठेका सुरू झाला. डग्ग्याची प्रत्येक घुमारेदार थाप खोलीभर फुगायची आणि पुढची थाप आली तरी विरायची नाही. कपाटाचं दार थरथरायला लागलं. शब्द त्या घुमण्याखाली बुडाले. मामी दारात येऊन म्हणाली, “वरात चाललीय का कुणाची?”

मामा काहीच बोलले नाहीत. आवाज कमी केला तर गाणं पातळ, वाढवला तर वरात. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला मोठ्या टॉवरचा फायदा तसाही निम्माच मिळतो.

खोलीचीही पट्टी असते

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहावीचंच आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तो चेंडूसारखा येतो-जातो. खोली दहा फूट रुंद, म्हणजे ३.०५ मीटर. जाऊन-येऊन ६.१ मीटर. ३४५ ला ६.१ ने भागा. आले साधारण ५६ हर्ट्झ. हा सूर वाजला की तो भिंतींमध्ये अडकतो आणि फुगतो. म्हणजे ही त्या खोलीची स्वतःची पट्टी. बारा फुटांच्या बाजूने हाच हिशेब केला तर येतात ४७ हर्ट्झ.

आणि आमच्या खोलीची खरी गोची पुढे आहे. रुंदी दहा फूट आणि उंचीही दहा फूट! म्हणजे ५६ हर्ट्झचा सूर दोन दिशांनी फुगणार. चौकोनी डब्यासारख्या खोल्या ऐकायला सगळ्यात वाईट, त्या यामुळेच. (मे महिन्यात पारा ४२ वर गेला की आवाजाचा वेग ३५५ च्या पुढे जातो आणि ही पट्टी दोनेक हर्ट्झने वर सरकते. परभणीच्या उन्हाने एवढंच केलं, बाकी घुमणं तस्संच.)

मी फोनवर टोन वाजवणारं फुकटचं ॲप घेतलं, ५६ हर्ट्झ लावले आणि मामांना खोलीत फिरायला सांगितलं. भिंतीला कान लावला की दणका. खोलीच्या मधोमध आलं की आवाज निम्म्यावर. तोच स्पीकर, तेच बटण, चार पावलांचा फरक! मामा तीनदा चालून आले. शास्त्रज्ञ माणूस, त्यांना पुराव्याशिवाय काही पटत नाही.

मग परदेशी रिव्ह्यूवाल्यांना हे का होत नाही? त्यांनाही होतं. पण अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. खालचा आवाज आला की ते बोर्ड थोडे हलतात, थोडा आवाज खातात, थोडा पलीकडे सोडतात. आपली पक्की वीट, सिमेंटचा गिलावा आणि वर आरसीसीचा स्लॅब काहीही सोडत नाही. तिकडे ज्या टॉवरचा बेस ‘भरदार’ म्हणून पाच तारे मिळवतो, तोच आपल्या दहा बाय बारात डॉल्बी होतो. डॉल्बी म्हणजे कोणता ते तुम्हाला माहितीय, मिरवणुकीतला!

गाण्याला लागतं तरी किती?

आता दुसरा प्रश्न. मामा ऐकतात काय? ख्याल, अभंग, नाट्यगीतं, जुनी हिंदी गाणी. यात खाली जाऊन जाऊन किती खाली जातं?

पुरुष गायक काळी एकमध्ये गातोय असं धरा. त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ. तानपुऱ्याची खर्जाची तार बरोबर त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झ. गायिकांची पट्टी आणखी वर. म्हणजे आपल्या मैफलीचा तळ बहुतेक वेळा सत्तरच्या आसपास संपतो.

त्या तुलनेत बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, पियानोची अगदी डावीकडची पट्टी साडेसत्तावीसची. मोठे टॉवर बांधलेत ते यांच्यासाठी. अजय-अतुलनी ‘सैराट’चा (२०१६) ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला. तसं काही मोठ्या हॉलमध्ये मोठ्या आवाजात ऐकायचं असेल तर टॉवरला पर्याय नाही. पण मामांच्या संग्रहात ४० हर्ट्झच्या खाली काय होतं? रेकॉर्डिंगच्या वेळी चालू राहिलेला पंखा!

म्हणजे लाखभर रुपये जास्त देऊन आम्ही जो खर्ज विकत घेणार होतो तो मामांच्या गाण्यात नव्हताच. होती ती फक्त खोलीची घरघर.

आणि गंमत ऐका. मामांनी गाणं ऐकायला सुरुवात केली ती आकाशवाणी परभणी लावलेल्या हाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर. त्यात ६९ हर्ट्झ कुठून येणार? तरी त्यांनी तानपुरा ऐकलाच ना? याचं कारण आपला मेंदू. मूळ सूर गायब असला तरी त्याच्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो मनात भरून काढतो. खर्ज थोडा कमी पडला तर कान सांभाळून घेतो. जास्त झाला तर मात्र कानाकडे उपाय नाही.

व्हॅनमधला छोटा उस्ताद

छोट्या जागेत नीट ऐकायचं कसं, हा प्रश्न फक्त परभणीला पडलेला नाही. १९७० च्या दशकात तो बीबीसीलाही पडला होता. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणारी त्यांची व्हॅन असायची. तिच्यात आवाज तपासायचा तर मोठा स्पीकर मावणार कुठे? बीबीसीच्या इंजिनिअरांनी फूटभर उंचीचा बंद डबा बनवला, एलएस३/५ए. खर्ज फार नाही, पण माणसाचा आवाज जसाच्या तसा. त्यात ड्रायव्हर होते केईएफचे. तो इतका गाजला की आजही त्या धर्तीचे स्पीकर बनतात.

केईएफने पन्नाशीच्या निमित्ताने २०१२ मध्ये त्याच परंपरेतला एलएस५० काढला आणि २०२० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती, एलएस५० मेटा. सव्वापाच इंचाचा एकच युनि-क्यू. कंपनी सांगते की हा ७९ हर्ट्झपर्यंत पूर्ण ताकदीने वाजतो आणि त्याच्या खाली हळूहळू उतरतो. म्हणजे जिथे आमची खोली फुगायला लागते तिथे हा आपणहून आवाज आवरता घेतो. वा! असा जावई मिळायला भाग्य लागतं.

पण मामा तयार होईनात. “एवढासा डबा? लोक काय म्हणतील? साडेपाच लाख म्हणून सांगितलंय मी समद्यांना.”

तेव्हा दिवाणावरची चादर झटकत मामी बोलली. सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

“अहो, तुम्हीच सांगायचात ना लोकांना, आधी जमीन बघा मग बी घ्या म्हणून?”

मामा गप्प. तीसेक वर्षं या माणसाने हेच तर केलं होतं. हलक्या जमिनीला एक वाण, भारी काळ्या जमिनीला दुसरा. विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी कितीही टपोरी असली तरी मुरमाड रानात कुणी पेरू नये, हे मामांनी बांधावर उभं राहून कितीतरी शेतकऱ्यांना सांगितलं. शेजाऱ्याचं पीक बघून बियाणं घेणाऱ्यांवर ते चिडायचे. आणि स्वतःच्या वेळी? पुण्यातल्या बागायतीत डोलणारं पीक बघून घरच्या वावराचं माप न घेता पिशवी उचलायला निघाले होते.

मामांनी मोजायची टेप आणली.

मग टॉवर घ्यायचाच नाही का?

घ्या की! पण आधी टेप. चौदा बाय अठराचा हॉल असेल, तो पुढे डायनिंगकडे उघडत असेल, तर टॉवर छान फुलतात. खालचा आवाज पसरायला जागा मिळते. खोली त्याहून लहान आणि टॉवरचाच हट्ट असेल तर हे बघा :

एक, सडपातळ घ्या. पाच-सहा इंची दोन ड्रायव्हरचा टॉवर लहान खोलीत आठ इंचीच्या जोडीपेक्षा जास्त शहाण्यासारखा वागतो.

दोन, पोर्ट बंद करायचे फोमचे बोळे मिळतात का विचारा. घुमणं थोडं आवरतं. बोळे नसतील तर ट्रायल म्हणून मोजे गुंडाळून घाला. धुतलेले!

तीन, भिंतीसाठीच जन्मलेले टॉवरही असतात. स्वीडनचे लार्सन भिंतीला टेकवून ठेवायलाच बनवलेत. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकलेला क्लिप्शहॉर्न तर कोपऱ्यात बसतो आणि दोन भिंतींचाच भोंगा करून घेतो. अवाढव्य असतो, पण निदान भिंतींशी भांडत नाही.

चार, एकाच कंपनीचा टॉवर आणि त्याचा धाकटा भाऊ शेजारी ठेवून ऐका. आर७ मेटा आणि आर३ मेटामध्ये युनि-क्यू तेच. टॉवरला जास्तीचे पैसे पडतात ते मुख्यतः खर्जाचे आणि दणदणीत आवाजाचे. ते तुमच्या खोलीला पचणार असतील तरच द्या.

पाच, वॉटच्या मागे धावू नका. साधारण ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावर ८७ डेसिबल देतो. बेडरूममध्ये रोजच्या ऐकण्याला वॉट-दोन वॉट पुरतात, बाकीचे मोठ्या थापेसाठी राखीव. भांडण वॉटचं नसतं, व्होल्टेजचं असतं. आमच्याकडे लाइट कधी मंद कधी लखलखीत, म्हणून सर्व्हो स्टॅबिलायझर आधी घेतला.

आणि सहा, जे घ्याल ते घरी लावून ऐका. निदान कुणाची तरी उसनी जोडी आणा. टेम्पोचं भाडं हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात वसूल झालेला खर्च होता.

पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांनो, तुमची दुसरी बेडरूम दहा बाय अकराचीच असते ना? शिवाय खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. खर्ज स्लॅबमधून जातो. टाळ नाही जात.

दिवाण कुठे गेला?

कुठेच नाही. एलएस५० मेटा स्टँडवर बसले, भिंतीपासून दोन फूट पुढे. फूटभर त्यांची खोली. तिथून कानापर्यंत सहा फूट. एकूण नऊ. मागे उरले तीन फूट आणि दिवाणाची रुंदी बरोबर तीन फूट! दिवाणाच्या काठावर बसलं की डोकं भिंतीपासून लांब आणि कान बरोबर जागेवर.

त्यावरची गादी मानवतच्या कापसाची, घरच्यासारखी जाड. ती भिंतीवरून परत येणारा टाळ्यांचा कडकडाट खाते. फरशीवर सतरंजी टाकली, पुस्तकांचं कपाट आत आणलं, खोलीचा ठणठणाट गेला. ५६ हर्ट्झला मात्र गादीने काही होत नाही. आवाजाची ती लाट सहा मीटर लांब. ती थांबवायला पाच फूट जाडीची गादी लागेल. म्हणूनच ती लाट मुळात उठवायचीच नाही, हा सोपा उपाय.

स्पीकर, स्टँड, ॲम्प्लिफायर, स्टॅबिलायझर सगळं मिळून साडेपाच लाखांतले निम्म्याच्या वर उरले. त्यांचं काय झालं ते मामीला माहीत. तिने अजून सांगितलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मामांना पुण्यातला तो जर्मन टॉवर अजून आठवतो. “ती चीजच येगळी होती,” म्हणतात. खरंय. मोठ्या टॉवरचा तो ऐसपैसपणा, आवाज वाढवला तरी न दमणं, ते या डब्यात नाही. मामांनी ते सोडलं. पण काय मिळालं तेही त्यांनीच सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तानपुरा सुरू झाला तसा त्यांनी हात वर केला. आम्हाला वाटलं काही बिघडलं.

“जवारी,” म्हणाले. “जवारी ऐकू यायलीय.”

ऑडिओग्रामची उतरती रेघ तशीच आहे. स्पीकरने कान बरे होत नाहीत. पण घुमण्याखाली दबलेलं, त्यांना अजून ऐकू येऊ शकणारं जे होतं, ते वर आलं.

गेल्या महिन्यात गेले होते. दुपारचे तीन. खोलीत डोकावले तर मामी दिवाणावर कूस बदलून झोपलेली, मामा काठावर बसलेले आणि अगदी बारीक आवाजात भीमपलास. मामांनी रिमोट उचलला, मामीकडे वळून हळूच विचारलं, “कमी करू का?”

डोळे न उघडता मामी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.”

घरच्या कुठल्याही वस्तूचा यापेक्षा मोठा रिव्ह्यू मी तरी वाचलेला नाही.